जांबोटीचं कपाट अथणीत का तडकलं?

अथणीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. सासरच्या जांबोटीकडच्या घराची वाटणी झाली आणि दोन दारांचं एक सागवानी कपाट व वेताची आरामखुर्ची त्यांच्या वाट्याला आली. कपाट आणलं तेव्हा दारांच्या फळ्या चौकटीत हलत होत्या, खडखड वाजत होत्या. म्हणून त्यांनी सुताराकडून आतल्या बाजूनं पट्ट्या ठोकून घेतल्या आणि फटीत फेव्हिकॉल भरून घेतलं. दुसऱ्या उन्हाळ्यात उजव्या दाराची फळी वरपासून खालपर्यंत उभी फाटली. आता एकजण म्हणतो, लांबी (पुट्टी) भरून तडा बुजवू, मशीननं घासू आणि पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिश मारू. जुन्या वस्तू घेणारा म्हणतो, हे ब्रिटिशांच्या काळातलं शिसवी आहे, आहे तसं मला द्या. कपाट किती जुनं, ते बनवलंय कसं आणि आता करायचं काय, हे त्यांना हवंय.

ताई, आधी घासायचं आणि लांबी भरायचं काम थांबवा. तडा वाढून कपाट काही उद्या कोसळणार नाही. पण मशीनची चकती एकदा फिरली की जे जाईल ते परत येत नाही.

तडा का गेला ते सांगतो, कारण दुरुस्ती त्यावरच ठरते. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हलतं. हवेतला ओलावा ओढून फुगतं, हवा कोरडी झाली की आकसतं. झाड कापून शंभर वर्षं झाली तरी हे थांबत नाही. सागवान इतर लाकडांच्या मानानं शांत, तरीही पावसाळा आणि उन्हाळा यांच्यात त्याच्या आतल्या ओलाव्यात पाच-सहा टक्क्यांचा फरक पडला, तर दीड फूट रुंदीची फळी चार-पाच मिलिमीटर हलते. फळी झाडाच्या गाभ्यातून आरपार कापलेली असेल तर याच्या निम्मी. आणि तुमचं कपाट आलंय कुठून? जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पाऊस कोसळतो आणि घरांच्या भिंती दिवाळीपर्यंत ओल धरून असतात. अथणी कोरडवाहू भाग. एकाच बेळगाव जिल्ह्यात दोन वेगळी हवामानं आहेत. तिकडं पिढ्यान् पिढ्या फुगून बसलेली फळी इकडं येऊन आकसणारच होती. आकसायला तिला वाट ठेवली असती तर काहीच झालं नसतं. वाट बंद केली, दोन्ही कडा खिळ्यांनी आणि गोंदानं धरून ठेवल्या, मग ती मधून फाटली.

जुन्या कामाचं सगळं शहाणपण या एका गोष्टीभोवती आहे, म्हणून तुमचं डावं दार नीट बघा. त्यालाही पट्ट्या ठोकल्या असतील, पण अजून फाटलेलं नाही. उभ्या दोन आणि आडव्या दोन-तीन पट्ट्यांची चौकट असते. चौकटीच्या आतल्या कडेला खोबण पाडलेली असते आणि मधली रुंद फळी, जिला आम्ही पॅनेल म्हणतो, ती त्या खोबणीत नुसती बसवलेली असते. गोंद नाही, खिळा नाही. पॅनेलच्या कडा उतरत्या तासून पातळ केलेल्या असतात आणि खोबणीच्या तळाशी थोडी पोकळी सोडलेली असते. चौकटीच्या पट्ट्या अरुंद, त्या फारशा हलत नाहीत, म्हणून दार मापात राहतं. रुंद फळी आतल्या आत हलते. मे महिन्यात अशा दाराच्या पॅनेलची कड बघितलीत तर चौकटीलगत एक-दोन मिलिमीटरची फिकट, बिनपॉलिशची उभी रेघ दिसते. पॉलिश झालं तेव्हा तेवढी कड खोबणीत लपलेली होती, उन्हाळ्यात फळी आकसली की ती बाहेर येते. श्रावणात हीच रेघ गायब होते. ही रेघ म्हणजे दार ठणठणीत असल्याची खूण. तुम्हाला जी खडखड दोष वाटली, ती त्या सुतारानं मुद्दाम ठेवलेली मोकळीक होती.

हाच विचार बाकीच्या वस्तूंतही आहे. जुन्या मेजाचा वरचा फळा खालच्या चौकटीला सरळ स्क्रूनं आवळलेला नसतो. खोबणीत अडकणारे लाकडी गुटके लावलेले असतात, म्हणजे फळा धरून राहतो पण सरकू शकतो. फळ्याच्या टोकाला आडवी पट्टी असेल तर तिची फक्त मधली खुंटी घट्ट असते, बाजूच्या खुंट्यांची भोकं लांबट केलेली असतात. मोठ्या संदुकीच्या झाकणावर कुणी नंतर आडव्या पट्ट्या ठोकल्या की ते झाकण हमखास फाटतं. आमच्याकडं दुरुस्तीला येणाऱ्या संदुकी बहुतेक अशाच.

आता सांध्यांबद्दल. चौकटीच्या एका पट्टीच्या टोकाला कुसू (भोकात बसणारी जीभ) काढलेलं असतं, दुसरीत त्याच मापाचं चौकोनी भोक, आणि दोन्हींतून आरपार जाणारी खुंटी. खुंटी बांबूची किंवा बाभळीसारख्या कठीण लाकडाची. यातली खुबी बाहेरून दिसत नाही. कुसवातलं भोक बाहेरच्या भोकाच्या नेमकं समोर पाडत नाहीत, एखाद-दीड मिलिमीटर खांद्याकडं, म्हणजे कुसवाच्या बुडाकडं, सरकवून पाडतात. मग खुंटी ठोकताना ती किंचित वाकत आत जाते आणि सांध्याला कायम ओढून धरते. गोंद सुकून मेला तरी असा सांधा सुटत नाही. तुमच्या दाराच्या कोपऱ्यात बोटाच्या नखाएवढी गोल किंवा चौकोनी खूण दिसेल, बोट फिरवल्यावर ती जरा उचललेली लागेल. भोवतालची पट्टी आकसली, खुंटी लांबीत आकसली नाही, म्हणून ती उचललेली लागते. त्या खुंट्या कुणालाही ड्रिलनं काढू देऊ नका. पॅनेल मोकळं करायला चौकट उकलायची गरज सहसा पडत नाही.

दुरुस्ती अशी करा. आतून ठोकलेल्या पट्ट्यांचे खिळे पकडीनं काढायचे, पकडीखाली पातळ फळकुट ठेवून, म्हणजे मूळ लाकडावर वण पडत नाही. अडलेल्या खिळ्याचं डोकं करवतीच्या पात्यानं कापायचं. फेव्हिकॉल गरम ओल्या फडक्यानं मऊ पडतं, मग बोथट पातं घालून खोबण मोकळी करायची. हे सगळं आतल्या बाजूनं करा, कारण बाहेरच्या जुन्या पॉलिशवर ओलं-गरम फडकं ठेवलं तर पांढरे डाग पडतील. पॅनेल मोकळं झालं की दोन्ही अर्धे हातानं एकमेकांकडं ढकलून बघा. बहुतेक वेळा तडा आपोआप मिटतो, कारण आता कडांना सरकायला जागा झालेली असते. तसं झालं तर तड्यातली धूळ जुन्या टूथब्रशनं आणि स्पिरिटनं साफ करायची. सागवानात तेल असतं, ते गोंदाला धरू देत नाही, म्हणून चिकटवण्याच्या लगेच आधी कडांवर पुन्हा स्पिरिटचं फडकं फिरवायचं. मग सरस (जनावरांच्या चामड्या-हाडांपासून केलेला गोंद) लावून शिकंज्यात एक रात्र ठेवायचं. सरस आदल्या रात्री पाण्यात भिजवून, ते भांडं गरम पाण्यात ठेवून साधारण साठ अंशांपर्यंत गरम करायचा. उकळू द्यायचा नाही, उकळला की जोर जातो. मी सरसच सांगतो, कारण पुढं कधी उकलायची वेळ आली तर गरम पाण्यानं तो सांधा सुटतो.

तडा पूर्ण मिटला नाही तर त्यात सागवानाचीच बारीक, पाचरीच्या आकाराची चीप बसवायची. तिच्या लाकडाचे तंतू फळीच्या तंतूंच्या दिशेनंच हवेत. लांबी नको. लांबी दबत नाही. पावसाळ्यात फळी फुगली की तड्याच्या कडा तिच्यावर दाबून चेपल्या जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात तडा आधीपेक्षा रुंद होतो. शेवटी पॅनेल परत खोबणीत मोकळंच ठेवायचं. फारच वाजत असेल तर खोबणीत लोकरी कापडाचे दोन-तीन तुकडे सरकवा. किंवा वर आणि खाली, बरोबर मध्यावर, एकेक बारीक खुंटी द्या, म्हणजे फळी मध्याला धरून दोन्हीकडं सारखी हलेल. आतून पट्टी लावायचीच असेल तर तिचे खिळे चौकटीत जावेत, पॅनेलमध्ये एकही नको. डाव्या दाराच्या पट्ट्याही याच वेळी काढून घ्या, नाहीतर पुढच्या एप्रिलमध्ये तेही दार फाटेल.

काम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काढा, तेव्हा लाकूड मधल्या अवस्थेत असतं. पावसाळ्यात दार अडकतं म्हणून रंधा मारायला कुणाला बोलावू नका. जुलैत तासलेलं दार मार्चमध्ये फट दाखवतं. अडकणाऱ्या जागी मेणबत्ती घासली तरी पावसाळा निघतो.

वय ठरवताना कपाटाचा दर्शनी भाग शेवटी बघा, तो सगळ्यात जास्त फसवतो. खण बाहेर काढून उलटा करा. खणाच्या कोपऱ्यातले डव्हटेल (कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे, एकमेकांत अडकणारे सांधे) हातानं कापलेले असतील तर ते एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, एखादा रुंद, एखादा निमुळता, आणि त्यांच्या मुळाशी खतावणीनं (रेघ आखायच्या सुतारी हत्यारानं) ओढलेली बारीक रेघ अजून दिसते. मशीनवरचे सगळे एकसारखे असतात. पाठीमागच्या फळ्यांवर तिरका उजेड पाडा. दोघांनी ओढलेल्या मोठ्या करवतीचे ओरखडे सरळ पण कमीजास्त अंतराचे आणि थोडे तिरपे असतात. गोल पात्याच्या मशीनचे ओरखडे कमानीसारखे वळलेले. बिजागरीचा एखादा स्क्रू हलक्या हातानं काढून बघा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या स्क्रूला टोक नसायचं, खालून बोथट असायचा, आणि डोक्यावरची खाच पुष्कळदा मध्यावर नसते. टोकदार स्क्रू त्यानंतरचा. अधिकाच्या चिन्हासारखी खाच असेल तर तो विसाव्या शतकातला किंवा नंतरचा, बहुधा कुणीतरी नंतर बसवलेला. गोल तारेचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्रास झाले, त्याआधीचे खिळे बहुधा चौकोनी, लोहारानं ठोकलेले किंवा पत्र्यातून कापलेले. पांढरा गोंद दिसला तर ते काम नंतरच्या हाताचं, कारण फेव्हिकॉल बाजारात आलं तेच १९५९ मध्ये. प्लायवूड असेल तर तो भाग बहुधा विसाव्या शतकातला किंवा त्यानंतरचा.

मला सगळ्यात भरवशाची वाटणारी खूण वेगळी आहे. कपाटाला लेथवर (लाकूड फिरवून गोल तासायच्या यंत्रावर) उतरवलेले गोल पाय किंवा मुठी असतील तर त्यांचा व्यास कॅलिपरनं दोन दिशांना मोजा. लेथवरून उतरलेला पाय त्या दिवशी अगदी गोल असतो. पण लाकूड वर्षवलयांच्या दिशेनं जास्त आकसतं आणि आडव्या दिशेनं कमी, म्हणून पुष्कळ वर्षांनी तो किंचित लांबट गोल होतो. दोन मापांत अर्ध्या-एक मिलिमीटरचा फरक मिळतो. पॉलिशनं काळोखी आणता येते, चहाच्या पाण्यानं डाग आणता येतात, हा फरक सहजी आणता येत नाही.

एकच खूण धरून निकाल देऊ नका. जुन्या वाड्याचं लाकूड वापरून नवी कपाटं बनतात, आणि अस्सल जुन्या कपाटाला नवे स्क्रू, नवी पाठ लागलेली असते. चार-पाच खुणा एकाच दिशेनं बोट दाखवत असतील तर बोलायचं.

शिसवीची गोष्ट सोपी आहे. खणाची आतली बाजू किंवा पायाचा तळ, जिथं पॉलिश नाही तिथं बघा. शिसवं जांभळट काळपट, त्यात गडद रेषा, आणि सागवानापेक्षा चांगलंच जड. तळाची एक बारीक साल पटाशीनं काढली तर ताज्या शिसवीला गोडसर वास येतो, सागवानाला तेलकट, चामड्यासारखा. सागवानावर काळं पॉलिश मारून शिसवीचा देखावा करायची पद्धत फार जुनी आहे, कारण शिसवं तेव्हाही महागच होतं. तुमच्या कपाटाच्या आतल्या कडा तांबूस-सोनेरी असतील तर ते सागवानच. त्यात कमीपणा काहीच नाही. खानापूर, हल्याळ, दांडेलीच्या जंगलातलं जुनं सागवान घट्ट, बारीक वलयांचं. आज वखारीत ते सहजी मिळत नाही.

'ब्रिटिश काळातलं' हे विशेषण इकडं कशालाही लावतात. बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये कंपनीच्या हाती गेला, १८३२ मध्ये कॅम्प, म्हणजे लष्करी छावणी, वसला. कॅम्पातल्या अधिकाऱ्यांना बदलीबरोबर सामान हलवावं लागे, म्हणून त्यांची खणांची कपाटं दोन भागांत सुटणारी, कोपऱ्यांना पितळी पत्रे, मुठी लाकडात बुडवलेल्या, पाय फिरवून काढता येणारे. तशी खूण तुमच्या कपाटावर असेल तर त्याचं नातं कॅम्पाशी. जांबोटी चोर्ला घाटाच्या वाटेवर आहे आणि तिकडच्या घरांत गोव्याचा हात जास्त दिसतो: लेथवर उतरवलेले पाय, वेताच्या बैठका, पाठीवर कोरीव वेलबुट्टी. देसायांच्या वाड्यांतलं देशी काम तिसरंच. जमिनीवर बसून वापरायचे चौरंग, उतरत्या झाकणाची कारकुनी पेटी, चाकांवरचा पेटारा, पितळी कड्यांचा झोपाळा, भिंतीतलं फडताळ. कोरीव कामात कमळ, पोपट, केळफूल. बेळगावातल्या टिळकवाडीच्या बंगल्यांतून निघणारी गोल कोपऱ्यांची, मोठ्या आरशाची कपाटं मात्र बरीचशी १९३० आणि ४० च्या दशकातल्या मुंबईच्या वळणाची आहेत. सुंदर आहेत, पण त्यांना शंभर वर्षं झालेली नाहीत. एकाच सुताराच्या हाताखाली ही वळणं मिसळायची, कारण गिऱ्हाईक मराठी देसाई, कानडी व्यापारी, कॅम्पातला साहेब असं कुणीही असे. म्हणून इंग्रजी बांध्याच्या कपाटावर माथ्याला कमळ सापडलं तर ते नकली समजू नका. आमच्या भागाची तीच तर ओळख आहे.

पॉलिशचं बघू. कपाटावर बहुधा लाखेचं स्पिरिट पॉलिश आहे. खात्री करायला दाराच्या मागच्या कडेला स्पिरिटचा एक थेंब टाका, अर्ध्या मिनिटानं बोट लावा. चिकट झालं तर लाख. हे पॉलिश काढायची गरजच नसते. आधी कोरड्या मऊ फडक्यानं, मग जेमतेम ओलसर फडक्यानं मळ काढा. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या पुरचुंडीनं पातळ हात मारला की जुना थर वरून थोडा विरघळतो आणि नव्यात मिसळून एकजीव होतो. पीयूत हे होत नाही. त्याची वर वेगळी काचेसारखी कातडी बसते, ती ओरखडली की पुन्हा सगळं घासावं लागतं. आणि मशीननं घासताना जाणारा पृष्ठभाग म्हणजे हातरंध्याच्या बारीक लाटा, कडांना वापरानं आलेली गोलाई, वर्षानुवर्षांच्या उजेडानं आलेला रंग. जाणकार खरेदीदार पैसे त्याचेच देतो. लाखेचं काम पावसाळ्यात करू नका, हवेतल्या ओलीनं त्यावर पांढरट धुकं येतं. जवसाचं तेल वापरलंत तर ती फडकी चुरगळून ठेवू नका. तेल सुकताना तापतं आणि फडकं आपोआप पेटू शकतं. उलगडून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

तळाशी पिठासारखा भुसा दिसत असेल तर भुंगा लागलाय. तो सागवानाच्या पक्क्या गाभ्यात सहसा जात नाही, कडेच्या पांढऱ्या कच्च्या लाकडात जातो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी बिनपॉलिशच्या बाजूनं ब्रशनं दोन-तीनदा पाजा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ठेवा आणि पायाखाली दगडी किंवा पितळी गुटके द्या.

आरामखुर्चीचा वेत तुटलेला नसून नुसता झोळ पडला असेल तर नवा विणायची घाई करू नका. खुर्ची उलटी करा, वेताच्या खालच्या बाजूवर गरम पाण्याचं फडकं थोपटा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. वेत आकसून ताणला जातो. वाळेपर्यंत तिच्यावर कुणाला बसू देऊ नका.

दुरुस्तीला लाकूड लागेल ते वाड्याचं जुनंच घ्या. नवं, नीट न मुरलेलं सागवान शेजारी बसवलं तर ते आणखी काही वर्षं आकसत राहतं. मोठ्या तुळया किंवा कापीव लाकूड एका गावाहून दुसरीकडं, विशेषतः महाराष्ट्राच्या हद्दीत हलवायचं असेल तर आधी वनखात्याकडं परवान्याची चौकशी करा.

विकायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण ठरवण्याआधी दोन गोष्टी माहीत असू द्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तूत मोडू शकते. अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणून 'हे शंभर वर्षांचं जुनं आहे' असं सांगणाऱ्या खरेदीदाराकडं परवाना मागा. आणि जो खण न उघडता, पाठ न बघता, दारातूनच 'शिसवी' म्हणतो, त्याच्याकडून तेच वर्णन पावतीवर लिहून मागा. लिहायला नकार दिला तर भाव पुढं बोलूच नका. दुरुस्तीचे आणि विक्रीचे भाव एकाच माणसाकडून घेऊ नका. आणि दार दुरुस्त होण्याआधी आलेला कोणताही भाव पक्का धरू नका, कारण फाटलेल्या पॅनेलचं कारण सांगून तो निम्म्यावर आणलेला असतो, आणि तेच पॅनेल एका रात्रीच्या सरसानं मिटणारं असतं.